भूर्जाचा कमरपट्टा

हिल्सबरो, ऑकलंड
शनिवार, १८ एप्रिल २०२६

चि. इरावती,

आशीर्वाद आहेतच, पण या पत्रात लिहीत नाही.

दोन वर्षांनी बापाचं पत्र आलं म्हणजे म्हातारा विरघळला, असं समजू नकोस. मी रागावलो आहे. फोनवर रागावलं की तू लगेच "बाबा, तुमचं बीपी" म्हणायचीस. कागद तसं म्हणत नाही, म्हणून कागद.

परवा संध्याकाळी श्रीनाथ स्वयंपाकघरात भोपळा चिरत होता आणि तू त्याच्या फोनवर होतीस, स्पीकरवर. मी बाहेर डेकवर होतो. सरकतं दार उघडं होतं. तुझ्या दादाला वाटतं मला ऐकू कमी येतं. मला फक्त त्याच्या बातम्या ऐकायच्या नसतात. तू म्हणालीस:

"दादा, बाबांच्या शेवटच्या दोन सीझनच्या नोंदी मला काढून टाकाव्या लागणार. काहीच्या काही आहेत. झाड एका पंधरवड्यात साडेआठ मिलिमीटर फुगतं आणि पुढच्या पंधरवड्यात सहा मिलिमीटर आकसतं. असं झाड नसतं रे."

"मग?"

"मग काय! तू त्यांना मेमरी टेस्टला ने. आणि ते पुकेकोहेचं रिटायरमेंट व्हिलेज बघून ठेव. पिकलं पान आहे, आपण तरी किती भार टाकायचा?"

पिकलं पान! इरावती, वेलिंग्टनच्या त्या संस्थेत झाडांवर संशोधन करून तू पोट भरतेस. पिकलं पान म्हणजे काय, ते मला तूच शिकवलंस. २०१८ च्या सप्टेंबरात आमच्या मागच्या अंगणातल्या बर्चच्या खोडाला तू ती स्टीलची पट्टी बांधलीस. बारीक स्प्रिंगची, बारीक खुणांची. खोड वाढलं की पट्टी सरकणार आणि आम्ही दर दुसऱ्या शनिवारी खूण वाचणार. तुझी आई म्हणाली, "अगंबाई, झाडाला कमरपट्टा!" तेव्हापासून तो कमरपट्टाच. तेव्हा तू आम्हा दोघांना जेवणाच्या टेबलाशी बसवून सांगितलंस, "बाबा, पानं म्हणजे दुकानाची पाटी आणि लाकूड म्हणजे आतला कारखाना. पाटीवरचे दिवे लागलेले असले तरी आत काम चालू असेलच असं नाही. शरदात, इथे म्हणजे मार्च ते मे, पान कधी पिकतं आणि लाकडाची वाढ कधी थांबते, हे दोन्ही बरोबर होतं की मागे-पुढे, आणि थंड देशात एक, उबदार देशात दुसरं असं होतं का, तेच आम्हाला बघायचंय." नॉर्वेत झाडं, स्पेनमध्ये झाडं, इकडे खाली ओटागोत झाडं, आणि सगळ्यांत उबेत आमचं हिल्सबरोचं एक.

निम्मी पानं पिवळी झाली की ती पिकल्याची तारीख. ही व्याख्या तुझी. माझी किती पानं पिवळी मोजलीस? वेलिंग्टनमधून? दुर्बीण लावून?

टेस्ट ८ मेला आहे. व्हिलेजचं रंगीत पत्रक फ्रिजवर चिकटवलंय. त्यात एक म्हातारा लाकडी चेंडू घरंगळवतोय आणि बाकीचे टाळ्या वाजवतायत. मी चाळीस वर्षं पुण्याच्या शाळेत मराठी शिकवलं. टाळ्या मी वाजवून घ्यायचो, पोरं छातीठोकपणे कविता म्हणायची तेव्हा. चेंडूसाठी नाही.

आजचा आकडा: १४.०. मार्चपासून तोच आहे. तो तू काढून टाकणारच आहेस, तरी लिहिला.

चंद्रहास


शनिवार, २५ एप्रिल

चि. इरावती,

तुझं उत्तर आलेलं नाही. मी वाट बघत होतो अशातला भाग नाही. आज अँझॅक डे, दुपारपर्यंत दुकानं बंद, टपालही बंद. मला लिहिण्याखेरीज काम नाही.

आज निम्मं झालं. सकाळी नऊ वाजता दुर्बिणीतून चारही बाजूंनी बघितलं; मानुकाऊच्या पाण्याकडची बाजू आधी पिवळी होते, घराकडची मागून. श्रीनाथच्या श्रियाला बरोबर घेतलं होतं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र तिच्या भाषेत.

"निम्मं झालं का गं?"

"हीप्स मोर दॅन हाफ, आजोबा."

"हीप्स म्हणजे किती?"

"हीप्स इज हीप्स."

विज्ञानाची पुढची पिढी. मी तिचं ऐकलं नाही, निम्मं लिहिलं. पाऊणच्या आधी निम्मं येतं आणि पोरांना घाई असते.

भूर्ज हा शब्द मी किती वर्षं फळ्यावर लिहिला असेन! "पूर्वी कागद नव्हता, तेव्हा लोक भूर्जाच्या सालीवर लिहीत." मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, "सर, ते कसं असतं?" मी खिशातून कांद्याचं पातळ साल काढून दाखवायचो. डब्यातून मुद्दाम घेऊन जायचो. पोरं हसायची, पण विसरायची नाहीत. झाड मात्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. इथे आलो, श्रीनाथच्या अंगणात हे पांढरं खोड उभं, त्याची साल कागदासारखी सुटलेली, आणि तू म्हणालीस, "बाबा, हाच तुमचा भूर्ज. म्हणजे हिमालयातला नव्हे, त्याचा युरोपातला चुलतभाऊ." मी त्या दिवशी सालीचा एक तुकडा उचलला आणि त्यावर तुझ्या आईचं नाव लिहिलं. शाई फुटली नाही. तुझी आई म्हणाली, "सत्तरीत हे सुचतंय. विशीत एक चिठ्ठी नाही लिहिलीत."

हे तुला सांगायचं नव्हतं. रागाच्या पत्रात हे कुठून आलं कोण जाणे.

रागाचं लिहितो. सहा वर्षं दर दुसऱ्या शनिवारी आम्ही दोघं त्या झाडाशी उभे राहिलो. मी भिंग लावून मोठ्याने वाचायचो, "बारा पूर्णांक चार." ती वही धरून लिहायची आणि म्हणायची, "घेतलं." मग मी पुन्हा वाचायचो, "बारा पूर्णांक चार." ती पुन्हा, "घेतलं." तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीवर बसलेली बाई. आकडा दोनदा ऐकल्याशिवाय तिने कधी पेन उचललं नाही. पाऊस असला तर मी छत्री धरायचो, माझ्यावर नाही, वहीवर.

ती गेल्यावर मी एकट्याने वाचतो आणि एकट्याने लिहितो. दोनदा मोठ्याने वाचतो. शेजारची बाई कुंपणावरून बघते. बघू दे. दोन वर्षं एक शनिवार चुकवला नाही. तुझ्याशी बोलत नव्हतो तेव्हाही श्रीनाथच्या फोनवरून वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवत होतो. तू काय समजलीस? म्हातारा झाडासाठी करतोय?

आणि ते सगळं "काहीच्या काही".

आपण का बोलत नाही हे तुला ठाऊक आहे. आई हॉस्पिटलात असताना फोनवर तू मला काय विचारलंस ते तू विसरली असशील. मी विसरलो नाही. टेस्टमध्ये विचारलं तर तेही सांगेन.

चंद्रहास


शनिवार, ९ मे

इरावती,

आज मायना नाही. आज मी इतका चिडलोय की माझं अक्षर बघ, उताराला लागलंय.

काल टेस्ट झाली. नर्स चांगली होती. "किआ ओरा, चांड्राहास," म्हणाली. नावाचा चुराडा केला, पण हसून केला. आज वार कोणता, गाव कोणतं, शंभरातून सात-सात वजा करा. पाच शब्द दिले आणि म्हणाली लक्षात ठेवा. मी त्या पाच शब्दांची तिथल्या तिथे ओवी केली आणि दहा मिनिटांनी चालीवर म्हणून दाखवली. ती म्हणाली, "वॉव, स्वीट ॲज." श्रीनाथ कोपऱ्यात मान खाली घालून फोन बघत बसला होता. बाप गातो तेव्हा त्याची लहानपणापासून हीच तऱ्हा.

मग तिने कोरा कागद दिला. घड्याळ काढा, सगळे आकडे घाला आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.

मी गोल काढला, आकडे घातले, काटे घातले. तिने कागद हातात घेतला आणि तिचा चेहरा बदलला. आवाज असा मऊ झाला, जसा आपण पडलेल्या मुलाशी करतो.

"दॅट्स ओके, लव्ह. टेक युअर टाइम. बाराच्या पुढे कोणता आकडा येतो?"

"एक," मी म्हटलं. इंग्रजीतच म्हटलं.

"पण तुम्ही इथे नऊ लिहिलाय. आणि चारच्या जागी आठ. आणि मग पाचच्या जागी चार."

मी कागदाकडे बघितलं. कागदावर सुंदर घड्याळ होतं. एक, दोन, तीन, चार. चाळीस वर्षं पोरांना ज्या वळणाने शिकवलं त्या वळणाचं: एकाला आधी गोल डोकं, मग लांब पाय.

श्रीनाथने मान वर केली. कागद बघितला आणि फिस्सकन हसला. "नो, नो, दॅट्स अ वन! दॅट्स मराठी. माय डॅड काउंट्स इन मराठी." नर्सही हसली, "ओ, सॉरी!" मीही हसणार होतो.

तेवढ्यात श्रीनाथचं हसू थांबलं. माझंही थांबलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि तो हळूच म्हणाला, "बाबा... वही."

घरी येऊन त्याने लॅपटॉप उघडला, तुझ्याकडून आलेला तक्ता लावला आणि शेजारी माझी वही ठेवली. बघ:

माझी वही: ०.४, १.५, ३.२, ५.१, ७.३.
तुझा तक्ता: 0.8, 9.4, 3.2, 4.9, 6.3.

दिसलं? माझा चार म्हणजे त्यांचा आठ. माझा एक म्हणजे त्यांचा नऊ. माझा पाच म्हणजे त्यांचा चार. सात उलटा फिरून सहा झाला. जिथे माझा सहा किंवा नऊ आहे तिथे नुसतं प्रश्नचिन्ह. झाड फुगलं नाही आणि आकसलं नाही. झाड दर पंधरवड्याला गुपचूप वाढत होतं आणि मार्चमध्ये १४.० वर थांबलं, जसं झाडाने थांबावं.

श्रीनाथ म्हणतो, तुमच्या संस्थेत वह्यांचे फोटो वाचणारं सॉफ्टवेअर आहे. फोटो टाकला की आकडे बाहेर. सहा सीझन आईने इंग्रजी आकडे लिहिले, यंत्राने वाचले. मग आकड्यांचं वळण बदललं आणि यंत्राला काय कळणार? यंत्राला मी दोष देत नाही. यंत्राला मी पाटीवर धुळाक्षरं गिरवून दिली नव्हती. तुला दिली होती! तुझा हात धरून! तू पाच डावीकडून काढायचीस म्हणून रडवली होती तुला!

दोन वर्षं. चाळीसेक फोटो. त्यातला एक, एकच, तू डोळ्यांनी बघितला असतास तर एका क्षणात हसली असतीस. तू वही उघडलीच नाहीस. आलेला फोटो न बघता यंत्राच्या तोंडात टाकलास आणि यंत्राने जे थुंकलं त्यावरून बापाचं डोकं फिरलं असा निकाल दिलास. नॉर्वेच्या झाडाचा माचिसच्या काडीएवढा तुकडा काढून तू महिना-महिना सूक्ष्मदर्शकाखाली बघतेस. बापाच्या अक्षराला एक मिनिट नाही?

तीसपैकी अठ्ठावीस मिळाले. दोन गेले ते वजाबाकीत. ती मला शाळेतही यायची नाही.

पत्रक मी फ्रिजवरून काढलं. मागची बाजू कोरी आहे, हे पत्र त्यावरच लिहितोय. उलटून बघ, म्हातारा अजून चेंडू घरंगळवतोय.

चंद्रहास सखाराम, शिक्षक (सेवानिवृत्त, निकामी नव्हे)


शनिवार, १६ मे

चि. इरावती,

तुझे तीन फोन आले, मी घेतले नाहीत. ईमेल श्रीनाथने छापून दिली. "बाबा, चुकले. दोन्ही सीझन परत घेतले. पायावर डोकं ठेवून माफी मागते." इथवर वाचलं तेव्हा बरं वाटलं, हे कबूल करतो.

पुढे तू लिहितेस: "आणि बाबा, २०२४ चा शरद तर पेपरचा कणा आहे. पानं पिवळी पडल्यावरही लाकूड वाढत राहिलं असं ते एकमेव वर्ष, आणि नेमकं सगळ्यांत उबदार जागी. तेव्हा आईमुळे मी खोडाचे तुकडे काढायला येऊ शकले नव्हते, त्यामुळे कमरपट्ट्याच्या नोंदी हाच पुरावा. आईच्या अक्षरातला तो शेवटचा कागद आहे. तो आकृतीत जसाच्या तसा छापणार आहे."

तसं करू नकोस.

२०२४ मार्च ते मे काढून टाक. कारण विचारू नकोस. बापाने सांगितलं म्हणून काढ. एकदा माझ्या दोन वर्षांवर काट मारायला तुला कारण लागलं नव्हतं. आता पाच ओळींवर काट मारायला हवंय?

काढ. बस.

चंद्रहास


रविवार, ३१ मे

चि. इरावती,

कालचं रीडिंग १४.०. झाडावर आता सतरा पानं आहेत. दोन तुई पक्षी येऊन बसतात, त्यांनी आज आणखी एक पाडलं.

काल संध्याकाळी श्रीनाथ माझ्यासमोर बसला. तुझ्या दादाला नोकरीत माणसांना वाईट बातमी द्यायचं ट्रेनिंग दिलंय. आधी चहा करून आणतो. म्हणाला, "बाबा, इरा म्हणतेय कारण असल्याशिवाय आकडे काढता येत नाहीत. सगळ्यांत चांगला सीझन आहे म्हणे. तुम्ही असं अचानक का म्हणताय तिला कळत नाही. ती... ती काळजीत आहे."

"म्हणजे पुन्हा टेस्ट?"

तो चहात साखर ढवळत राहिला. तो साखर घेत नाही.

तेव्हा मला नीट दिसलं की मी कुठे उभा आहे. कारण न सांगता हट्ट धरला तर वेडा ठरतो. कारण सांगितलं तर खोटा ठरतो. पहिलं सोपं आहे. वेड्याला कोणी रागावत नाही. चेंडू देतात हातात. मी सकाळपासून विचार केला, सोपं ते घ्यावं का. पण तू तो कागद छापणार. त्याखाली तिचं नाव येणार. म्हणून सांगतो, आणि एकदाच सांगतो.

तुझी आई ५ मार्चला हॉस्पिटलात गेली. वहीतलं तिचं शेवटचं अक्षर २४ फेब्रुवारीचं आहे: 13.6. त्या दिवशीही ती दोनदा "घेतलं" म्हणाली होती. पुढच्या पाच ओळी तिच्या नाहीत. ९ मार्च, २३ मार्च, ६ एप्रिल, २० एप्रिल, ४ मे. त्या मी लिहिल्या. तिच्या निळ्या पेनाने, तिच्या अक्षरात, तिच्यासारखे पोट फुगलेले इंग्रजी आकडे काढून. आणि झाडाकडे मी एकदाही गेलो नव्हतो.

तू विचारशील, का?

२३ मार्चला तू फोन केलास. मी वॉर्डच्या बाहेर उभा होतो. तू म्हणालीस, "आई कशी आहे?" मी म्हटलं, "आहे." आणि मग तू म्हणालीस, "बाबा, नऊ तारखेचं रीडिंग आलं नाही."

इरावती, त्या क्षणी मला तुझा जो राग आला तसा मला आयुष्यात कोणाचा आला नाही. तिकडे माझं माणूस संपत होतं आणि पोरगी आकडा मागत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला घरी आलो, वही उघडली आणि म्हटलं, घे. आकडा पाहिजे ना तुला? घे आकडा. 14.0. 14.5. तुझ्या आईच्या हातचा घे.

लिहिताना मात्र निराळंच झालं. हात तिच्या वळणाने फिरायला लागला आणि मला वाटलं ती लिहितेय. वाढ थांबली असं लिहायला धजावलो नाही. ती तिकडे पडलेली असताना झाडाचा आकडा थांबवायचा? म्हणून वाढवत गेलो. 14.9 लिहिलं. ११ एप्रिलला ती गेली, तरी मी वाढवतच गेलो. 15.3. 15.8. तुझं ते "पानं पिवळी पडल्यावरही वाढत राहिलेलं लाकूड" ते हे. ते झाडाचं नाही. मी पोरांना कविता शिकवता शिकवता कधी स्वतः केली नाही. आयुष्यात एकदाच केली, ती तुझ्या तक्त्यात जाऊन बसली. बरी जमली असावी. शास्त्रज्ञ फसले.

आणि सगळं ठाऊक असूनही स्मशानात मी तुला म्हणालो, "रीडिंग पोचलं ना? मग जा आता." सगळ्यांसमोर. खोटी रीडिंग देऊन वर ऐटीत बोललो. दोन वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस असं मी सांगत फिरतो. खरं म्हणजे मी बोललो नाही. बोललो असतो तर हे बाहेर आलं असतं.

सप्टेंबरात कमरपट्टा शून्यावर आणला तेव्हा पुन्हा तिचं अक्षर काढायला बसलो. जमेना. हाताने नकार दिला. मग माझ्या आकड्यांत लिहायला लागलो, आणि पुढचं रामायण तुला माहीत आहे. म्हणजे बघ, मी खोटं लिहिलं ते तुझ्या यंत्राला स्वच्छ वाचता आलं. खरं लिहिलं ते वाचता आलं नाही. यावर तू पेपर लिही.

आता झाडाचं खरं काय ते ऐक. माझ्या दोन वर्षांत, जी तू काढून टाकली होतीस त्या दोन वर्षांत, लाकूड मार्चच्या पहिल्या आठवड्यात थांबलं. पानं एप्रिलअखेरीस पिकली. मधले सात आठवडे झाड हिरवंगार उभं होतं आणि आत काम बंद होतं. मी तेव्हा रोज त्याच्याखाली चहा पीत होतो, मला काय पत्ता? तुझी आईही त्या जानेवारीत अशीच होती. पुकेकोहेहून मेथीच्या जुड्या आणून निवडत बसायची, आणि तू व्हिडिओवर म्हणायचीस, "आई, किती बरी दिसतेस!" मीही म्हणायचो. पाटीवरचे दिवे लागलेले होते.

मी तुझ्यावर अजून रागावलेला आहे. वही उघडली नाहीस, तो राग आहेच. तो लवकर जाईल असं वाटत नाही. त्या फोनचा राग मात्र आज लिहिता लिहिता चाचपून बघितला तर जागेवर नव्हता. तुला तेव्हा दुसरं काही विचारता आलं नसेल. मलाही दुसरं काही सांगता आलं नसतं. आकडा तरी दोघांच्या ओळखीचा होता.

वही सोबत पाठवत नाही. टपालावर माझा विश्वास आहे. तू उघडशील यावर नाही. त्या पाच ओळींवर मी आज काट मारली आणि समासात लिहिलं: "निरीक्षकाने झाड न बघता भरल्या." खाली सही केली. मराठीत आहे. यंत्राला दाखवू नकोस.

पुढचं रीडिंग शनिवारी, १३ जूनला. झाड तोवर उघडं पडलेलं असेल आणि आकडा तोच असेल, बघण्यासारखं काही नाही. तरी सकाळच्या विमानाने ये. श्रीनाथ विमानतळावर येईल. जाड जॅकेट आण, इथे ऊन असलं तरी दक्षिणेचं वारं तुमच्याकडूनच येतं. भिंग माझ्याकडे आहे, पेनही आहे, निळं.

मी वाचीन. तू लिही. आकडे तुला हवे त्या वळणाचे काढ, पण दोनदा ऐकल्याशिवाय पेन उचलू नकोस, आणि दोन्ही वेळा "घेतलं" म्हण. मोठ्याने म्हण, मला ऐकू कमी येतं.

पहिल्या पत्रात राखून ठेवलेले आशीर्वाद,

बाबा